पाव्हण्याचा बिल्ला

पाव्हणा नेहमी जीपच्या पुढच्या सीटवर बसून यायचा. मागची जागा रिकामी असली तरी त्याला आडवा टाकायची कोणाची छाती नव्हती. ड्रायव्हरच्या शेजारी ताठ, डोक्याला हेल्मेट, दोन्ही हात मांडीवर. वाटेत केळशीच्या बाजारात जीप थांबली की लोक सहज आत डोकावायचे आणि एकदम मागे सरकायचे, कारण हेल्मेटच्या खाली तोंड नव्हतं. कोऱ्या मांजरपाटाचं गाठोडं होतं.

तो पुतळा होता. भाताचा पेंढा भरलेला, खाकी कपडे घातलेला, चांगला पुरुषभर उंचीचा. आमच्या भागातल्या खाणींचा जो सुरक्षा आणि पर्यावरण संघ होता, त्याच्या मालकीच्या वस्तू दोनच, एक फिरता कप आणि दुसरा हा. कपाबद्दल साहेबलोक पुष्कळ बोलले आहेत. पाव्हण्याबद्दल कोणी बोलत नाही.

मी अठ्ठ्याण्णव साली बॉक्साइटच्या एका खाणीवर नर्स म्हणून लागले आणि त्याच वर्षी संघ सुरू झाला. वर दापोली-मंडणगडच्या अंगाला बॉक्साइटच्या काही खाणी, दक्षिणेकडे वाळूच्या, आणि मधे मधे चिरेखाणी. एकेकट्याला सगळीकडून बोलणी खावी लागत होती. पावसात गावाचा पऱ्ह्या, म्हणजे ओढा, लाल झाला की गाव अंगावर यायचं, मोहोरावर धूळ बसली की बागायतदार यायचे, आणि माणूस जखमी झाला की सरकार यायचं. म्हणून सगळे एकत्र आले. पहिली सभा एका प्राथमिक शाळेत झाली. पोरांच्या बाकांवर मॅनेजर लोक गुडघे छातीशी घेऊन बसले होते, ते मला अजून आठवतं आणि अजून हसू येतं. ठरलं असं की दर थंडीत एका खाणीने सुरक्षा सप्ताह भरवायचा, बाकीच्या खाणींच्या माणसांनी येऊन तपासणी करायची, भरून काढलेल्या खड्ड्यांवर काजू नि साग लावलेत की नुसत्या काठ्या रोवल्यात ते हलवून बघायचं, आणि गुण द्यायचे. कप ठेवायचं ठरल्यावर सगळ्यांना सुरक्षितता एकदम आवडायला लागली.

सप्ताहाचा शेवटचा कार्यक्रम म्हणजे सुटकेचं प्रात्यक्षिक. खाणीत माणूस पडला आहे असं समजायचं, त्याला प्रथमोपचार करायचे आणि स्ट्रेचरवरून वर आणायचं. पहिल्या वर्षी एका जिवंत कामगारालाच झोपवला. पांढऱ्या चादरीखाली तो, चौघांच्या खांद्यावर स्ट्रेचर, आणि पुढे एकजण प्रथमोपचाराची पेटी हातात धरून. आमच्याकडे अशी मिरवणूक एकाच कामासाठी निघते. खनिज निवडणाऱ्या बायका आधी गप्प झाल्या आणि मग रडायलाच लागल्या. स्ट्रेचरवरचा गडी खाली उतरला तो सरळ घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही, पुढे मुंबईला निघून गेला. पुढच्या वर्षी पुतळा आला.

त्याला पाव्हणा हे नाव कोणी ठेवलं, माहीत नाही. तो दर वर्षी नव्या खाणीवर जायचा, तिथे वर्षभर राहायचा आणि मग पुढे. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तसं त्याचं झालं. कोणी त्याला आपलं जुनं हेल्मेट दिलं, कोणी पट्टा, कोणी शर्ट. एका मॅनेजरने हौसेने त्याच्या तोंडावर डोळे काढले होते, ते कामगारांनी दुसऱ्या दिवशी घासून पुसून टाकले. डोळे काढले तर तो बघणार, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्या दिवशी तो यायचा त्या दिवशी खाणीच्या तोंडाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं व्हायचं.

"बा सड्याच्या राखनदारा, आज ह्यो पाव्हना तुज्या पायाशी आनलाव. वर्साचं जा काय वाकडं यायाचं आसंल ता ह्येच्यावर जाऊंदे. लेकराबाळाच्या मानसाला खरचटू नको."

"व्हय म्हाराजा!"

साहेबलोकही हात जोडून उभे राहायचे. फोटो मात्र नंतर काढायचे, नारळ उचलल्यावर.

आमच्या खाणीची पाळी आली ती दोन हजार साल उलटून गेल्यावर. पाव्हण्याचा मुक्काम माझ्या प्रथमोपचाराच्या खोलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. मला त्याचा कंटाळा यायचा. संध्याकाळी खोली बंद करताना मी खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवायची आणि सकाळी यावं तर तो दाराकडे तोंड करून बसलेला. पहिल्यांदा मी दारातूनच मागे फिरले. मग कळलं, झाडलोट करणारी बाई पहाटे येऊन त्याला फिरवते. "पाव्हन्यान् भितीकडं त्वांड करून बसावा काय, शिस्टर?" असं मलाच विचारलंन. ती त्याला चहाही विचारायची. मी तिला बोलायची, "पेंढ्याशी कसली बोलतेस?" त्याच्या उजव्या पंज्याची शिवण एकदा उसवली, ती मी जखमेच्या दोऱ्यानेच शिवली. त्याच आठवड्यात वाळूच्या खाणीवर एकाचा उजवा पंजा चेंगरल्याची बातमी आली. बाईने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी म्हटलं, खाणीत रोज कोणाचं ना कोणाचं काहीतरी चेंगरतच असतं. म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून मी त्याच्या पंज्याकडे बघायचं टाळायला लागले.

आता आमच्या सड्याबद्दल, म्हणजे खाण होती त्या कातळाच्या पठाराबद्दल, सांगायला हवं. वरून बघाल तर काळाठिक्कर कातळ, मैलभर गवताशिवाय काही नाही. पण चालायला लागलं की कुठे कुठे पायाखाली घुमतं, कारण आतून तो पोखरलेला आहे. पावसाचं पाणी आतल्या आत वाटा काढतं आणि कुठे तरी खाली झऱ्याला जाऊन मिळतं. माझ्या खोलीच्या मागेच कातळात एक भोक होतं, घागरीच्या तोंडाएवढं. वारा सुटला की ते भोक हुंकार द्यायचं. कधी लांबून कोणी हाका मारतोय असं वाटावं, कधी म्हाताऱ्या माणसाने झोपेत कण्हावं तसं. नवीन माणूस घाबरायचा. जुने म्हणायचे, सडा श्वास घेतो. मला सवय झाली होती. काम करताना तो आवाज कानावर पडला नाही तरच चुकल्यासारखं वाटायचं.

माझा धाकटा भाऊ त्याच खाणीवर डंपर चालवायचा. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, वडील त्याच्याही आधी गेलेले. त्याला मीच वाढवला. नोकरीही मीच साहेबांच्या मागे लागून मिळवून दिली होती. खाली गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहायचो. तो हसरा होता आणि निष्काळजी होता, आणि दर सुरुंगाला माझ्या काळजात धस्स व्हायचं ते त्याच्यासाठीच. पाव्हण्याच्या पायात जे बूट होते तेही त्याचेच जुने. "माजं बूट घालून बसलाय, मंजे मना काय होनार नाय," असं तो मला चिडवायचा.

धस्स झालं की मी काय करायची, तर बिल्ल्यांचा फळा बघायची. फाटकाशी एक मोठा लाकडी फळा होता, त्यावर प्रत्येकाच्या नंबराचा खिळा. खाणीत उतरताना आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून बरोबर न्यायचा आणि वर आल्यावर परत लावायचा. सगळे खिळे भरल्याशिवाय सुरुंग उडवायचा नाही. संघाने हा नियम सगळ्या खाणींना घालून दिला होता, आणि त्याबद्दल मी संघाला शंभर वेळा नमस्कार करीन. पाव्हणाही प्रात्यक्षिकाला खाणीत उतरायचा, म्हणून संघाने त्याच्यासाठी एक बिल्ला करून घेतला होता. कोरा, बिननंबरचा. फळ्याच्या टोकाला त्याचाही खिळा होता.

कामगारांनी या नियमाला आपली एक पुरवणी जोडली होती. एकदा खिळ्यावर लावलेला बिल्ला त्या दिवशी परत काढायचा नाही. जीव घरी आला, त्याला पुन्हा उंबऱ्याबाहेर काढू नये. काही राहिलंच खाली तर ज्याचा बिल्ला अजून वर यायचा आहे त्याला सांगायचं. साहेबांना हे माहीत नव्हतं आणि असतं तरी ते हसले असते.

त्या वर्षी परीक्षक यायच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. पाव्हण्याला खाली नेला, सुटका केली, वर आणला आणि माझ्या खोलीत खुर्चीवर बसवला. टाइमकीपरने त्याचा कोरा बिल्ला खिळ्यावर लावला. मग माणसं डबे सोडून बसली. खाणीच्या खालच्या पायरीवर, म्हणजे टप्प्यावर, सुरुंगाची भोकं भरून तयार होती, जेवणं आटोपली की उडवायचं होतं.

जेवताना कोणाच्या तरी लक्षात आलं, पाव्हण्याच्या एकाच पायात बूट आहे. डावा खाली पडून राहिला होता. लगेच कुजबुज सुरू झाली. एक बूट खाली ठेवून आलेला पाव्हणा तो न्यायला परत जाणार. मी म्हटलं, उद्या दुसरा बूट घालू, जेवा आता.

जेवणं झाली. पहिला भोंगा झाला. लाल निशाणवाले पहारेकरी खाली फेरी मारून वर आले, कोणी नाही म्हणाले, आपले बिल्ले लावले आणि आपापल्या जागी उभे राहिले. फोरमन फळ्याशी आला आणि थांबला. सगळे खिळे भरलेले होते, फक्त पाव्हण्याचा रिकामा.

टाइमकीपर आईची शपथ घेऊन सांगायला लागला की मी स्वतः लावला होता, जेवायला गेलो तेवढ्यात कोणी नेला माहीत नाही. फोरमन वैतागला. चांगला माणूस होता, पण परीक्षक येणार म्हणून आठवडाभर त्याचं डोकं फिरलेलं होतं. म्हणाला, "पत्र्याचा तुकडा तो. दुसरा भोंगा द्या."

सुरुंगवाल्याने हात मागे बांधले. "नाय साएब. आत मानूस हाय."

"कोण आहे? हे बघ, सगळे नंबर इथे आहेत!"

"पाव्हना हाय."

"पाव्हणा सिस्टरच्या खोलीत खुर्चीवर बसलाय!"

असं म्हणून तो तरातरा माझ्या खोलीकडे आला आणि त्याच्यामागे सगळी माणसं. मी दारात उभी. सुरुंगानंतर कोणी जखमी नाही अशी माझी सही झाल्याशिवाय काम संपणार नव्हतं आणि मला दुपारची एस.टी. धरायची होती, तेव्हा मीही वैतागलेच होते. फळ्यावर भावाचा नंबर मी मघाशीच बघून घेतला होता. तो वर आला होता. मला बाकी कोणाची काळजी नव्हती, हे खरं सांगते. फोरमनने दार उघडून आत बोट दाखवलं. पाव्हणा बसला होता, एका पायात बूट, दुसऱ्यातून पेंढा बाहेर आलेला, कोरं तोंड आमच्याकडे.

तेव्हा झाडलोटवाली बाई बोलली. आवाज अगदी हळू.

"त्येचा बिल्ला आत हाय, मंजे त्यो आत हाय. मंग ह्यो बसलाय त्यो कोन?"

भर दुपारी, उन्हात, इतकी माणसं उभी आणि एवढी शांतता मी त्या खाणीवर कधी ऐकली नव्हती. यंत्रं बंद. कंप्रेसर बंद. फक्त माझ्या खोलीमागचं भोक तेवढं हुंकारत होतं, थांबून थांबून, नेहमीसारखं.

माझी नजर पाव्हण्यावरून उठेना म्हणून मी मुद्दाम बाहेर बघितलं. समोर कड्यावर पहारेकरी उभा होता, हातात लाल निशाण. निशाण काठीला चिकटून खाली लोंबत होतं. त्याच्या पलीकडचंही तसंच. गवताचं पातं हलत नव्हतं.

वारा नव्हता. मग सडा हुंकारतोय कसा?

खोलीमागे कशी पोचले आठवत नाही. मी कातळावर पालथी पडून भोकाला कान लावला. आतून गार, ओलसर हवा तोंडावर येत होती आणि तिच्यात तो आवाज होता. शब्द नव्हते, नुसता सूर, वर चढून तुटणारा. पण लहानपणी अंधारात परसाकडे जाताना जो मला याच सुरात हाक मारायचा, त्याचा आवाज मला ओळखू येणार नाही?

मी भावाच्या नावाने किंचाळले. आवाज थांबला. मग पुन्हा आला, दुप्पट मोठा.

त्याला शोधून काढायला वेळ लागला. सुरुंग भरलेल्या पायरीच्या मागेच कातळाचं पातळ कवच फुटून तो आतल्या पोकळीत पडला होता आणि मोठ्या धोंड्यामुळे ते भगदाड वरून दिसत नव्हतं. पहारेकरी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरून गेला होता. पण त्याची हाक तिथून वर यायचीच नाही. ती आतल्या आत फिरून माझ्या खोलीमागे येत होती. दोर सोडून त्याला बाहेर काढला तेव्हा त्याचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. एका काखेत पाव्हण्याचा बूट होता. आणि मुठीत कोरा बिल्ला.

बूट सुरुंगाखाली गाडला जाईल म्हणून तो आणायला उतरला होता. स्वतःचा बिल्ला लावून झाला होता, तो परत काढायचा नाही. म्हणून फळ्यावरचा पाव्हण्याचा काढून नेला. नियमही पाळला आणि पुरवणीही पाळली, असा हा माझा शहाणा भाऊ.

त्या दिवशी स्ट्रेचरवर खरा माणूस होता, पण कोणी रडलं नाही. मी त्याच्या पायाला फळ्या बांधल्या. मी रोज शिकवते तशा बांधल्या की नाही, देव जाणे. त्याची मूठ मात्र उघडेना. जीपमध्ये घालायच्या आधी मी एकेक बोट सोडवून बिल्ला काढला, पदराला पुसला आणि फळ्याच्या टोकाच्या खिळ्यावर लावला. माझ्या हाताने. फोरमन खाली मान घालून उभा होता. आम्ही उतारावर पोचलो तेव्हा मागे दुसरा भोंगा झाला आणि मग सुरुंग. जीप हादरली. भावाने डोळे मिटून घेतले आणि माझा हात असा दाबला की दोन दिवस वळ होते.

पुढे संघाची सभा झाली. आमच्या खाणीचे गुण कापले, हे तर ओघानेच आलं. बिल्ल्याचा नियम अधिक कडक केला, सडा पोकळ आहे का ते ठोकून बघितल्याशिवाय पायरी पाडायची नाही असं ठरलं, आणि ते चांगलंच झालं. मुंबईहून रबराचा बाहुला आणवला, छाती दाबली की दिवा लागणारा. पेंढ्याचा पुतळा मोडीत काढावा, असा ठराव झाला. ठराव झाला, पण मोडायचा कोणी हे ठरलं नाही. जाळायचं म्हटलं की माणसं उठून बाहेर जायची. शेवटपर्यंत, खाण बंद होईपर्यंत, तो माझ्याच खोलीत राहिला.

पण हे सगळं नंतरचं. त्या रात्री मी इस्पितळात भावाशेजारी बसून होते. त्याचा पाय प्लास्टरात. गुंगीतून जागा झाला तेव्हा त्याने सांगितलं, आत पडल्यावर भोंगा ऐकला. ओरडून ओरडून घसा बसला. आपला बिल्ला वर लागलेला आहे, हे त्याला माहीत होतं. फळ्यावर आपण घरी पोचलेलो आहोत.

"ताय, मी येवडाच इचार करीत व्हतो," तो म्हणाला. "पाव्हन्यासाटी थांबतील काय?"

मला रडू आवरेना. मग तो म्हणाला, "त्याच्या पायात बूट घातलास ना?"

दुसऱ्या दिवशी खाणीवर जाऊन मी खोली उघडली. बाईने खुर्ची दाराकडे फिरवून ठेवलेली होती. बूट धुतला, पुसला आणि त्याच्यासमोर खाली बसले. बाहेर आलेला पेंढा बोटांनी आत सारला. आत पेंढाच होता, मी चांगला दाबून बघितला, टाचेपासून गुडघ्यापर्यंत. पाय मांडीवर घेऊन बूट चढवला आणि नाडी बांधायला घेतली.

गाठ मारता मारता मी मान वर केली आणि त्याला विचारलं, "घट्ट होत नाही ना?"